ओल

कॅराव्हॅनची ओल मोजायचं काम करतो मी.
यंत्राला दोन सुया असतात, भिंतीत टोचतो,
आकडा येतो. पंधराच्या आत असेल तर ठीक.
विसाच्या वर गेला
की मालकाकडे न बघता,
बॅगेची चेन लावत लावत सांगतो.

केरेडिगियनच्या किनाऱ्यावर, इयेस्टिनच्या शेतात,
सतरा नंबरच्या जागेवर
नेरिस प्यूची कॅराव्हॅन उभी होती.
बदामी रंग, तिनंच शिवलेले पडदे,
दारापुढे वाळू झटकायला रबराची चटई.
एकतीस उन्हाळे.
त्यातले शेवटचे चार एम्रिसवाचून.

नवी मोटार विजेवर चालते तिची.
"एकटी असली की तीनशे मैल पळते," ती म्हणाली,
"ही मागे जोडली की पहिल्याच चढाला धाप.
मग चार्जिंगला थांबा, हिला सोडवा, कडेला लावा,
पुन्हा जोडा.
गाडीला प्लग आहे.
माझ्या पाठीला कुठाय?"

शेतात आता पांढरे घुमट उगवलेत,
रात्रीतून अळंब्या याव्यात तसे.
आत दुहेरी पलंग, लाकडाची शेगडी,
बाहेर वाफाळतं टब, त्यात बसून समुद्र बघायचा.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ते दिवस गेले;
आता विंचू हात हलवत येतो
आणि त्याचं अंथरूण आधीच घातलेलं असतं.
सिलिंडर चढवायला नको,
सांडपाण्याचा डबा अंधारात ओतायला नको,
रिव्हर्स घेताना भांडायला नको—
"ये, ये, अजून ये... थांब म्हटलं ना!"
या एका वाक्यावर किती संसार डळमळले इथे,
आणि किटलीला वाफ धरेपर्यंत
सावरलेसुद्धा.

इयेस्टिन वाईट नाही. पोरांपेक्षा जास्त
आरक्षणाच्या तक्त्याकडे बघतो, एवढंच.
"मला दे ही," तो म्हणाला, "चाकं काढतो,
विटांवर चढवतो. आतलं सगळं असंच राहू दे.
लोकांना आता हेच हवंय, जुनं, खरं.
रात्रीचे एकशे चाळीस पौंड देतील."
मी म्हणालो, सव्वीस. खिडकीखाली एकतीस.
"अस्तर घालू," तो म्हणाला,
आणि त्यानं कपाट उघडलं.

दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा.
कार्विन, सहा वर्षं. मेलेरी, चार.
कार्विन, सात, बुटांसकट (खोडलेलं).
गुडघ्याएवढी एक रेघ: कुत्रा.
सगळ्यांच्या वर, थरथरत्या हाताची,
एम्रिस, अडुसष्ट, दोन इंचांनी कमी.
"हे तर हवंच हवं!" इयेस्टिन म्हणाला,
आणि फोटो काढला.

नेरिसनं माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर मागितला.
तीन स्क्रू निघाले. चौथा गंजलेला.
तिनं दार धरून ओढलं,
तर लाकूडच निघून आलं,
चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं.
माझं यंत्र खोटं बोलत नाही.

डिकीत मावेना. तिनं ते शेजारच्या सीटवर उभं केलं.
गाडीला वाटलं कुणी बसलंय,
टुंग टुंग करायला लागली.
नेरिस थोडा वेळ नुसतीच बसून राहिली.
मग वाकून
पट्टा लावला त्याला.

परवा गेलो होतो तिथे, वर्षाच्या तपासणीला.
पुदिन्याचा रंग दिलाय. विटांभोवती लव्हेंडर.
सुया टोचल्या: अकरा. खिडकीखालीसुद्धा अकरा.
इतकी कोरडी कॅराव्हॅन मी आजवर पाहिली नाही.
बर्मिंगहॅमहून आलेली एक मुलगी
पलंगावर मांडी घालून बसली होती.
"बाकी सगळं छान आहे," ती म्हणाली,
"पण या कपाटाला दार का नाही?"

बॅगेची चेन लावत लावत मी म्हणालो,
ओल होती त्याला. फार.